दोन बुडवण्यांच्या मधला वेळ

खिडकीतल्या मुलीने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “संशोधक तुम्हीच ना?” मी हो म्हणालो. सही केली, पेन परत दिलं, “बसा, पुकारतील,” असं ती म्हणाली, आणि बाकावर येऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणालो. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळली. तेवढ्या वर्षांत भलत्या रकान्यात सही केल्याचं मला आठवत नाही. उठून जावं आणि सांगावं, बाई, ते खोडा, संशोधक मी नव्हे, माझी बायको, आणि ती चार महिन्यांपूर्वी गेली. एवढंच तर वाक्य. पण खिडकीपाशी आता दुसरी माणसं उभी होती, आणि खोडलेलं जास्त नजरेत भरतं हे मला अनुभवाने माहीत आहे. मी बसून राहिलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याच्याखाली पाण्याचं पिंप. बायकोच्या पेटंटच्या अर्जाची सुनावणी व्हायला पस्तीस मिनिटं होती. आमचा वकील अजून यायचा होता. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मेव्हणीच्या सहीचं प्रतिज्ञापत्र. ते द्यायचं की नाही, हे मला पस्तीस मिनिटांत ठरवायचं होतं. घरून निघताना ठरलं होतं, द्यायचं. बसमध्ये ठरलं, नाही द्यायचं. जिना चढताना पुन्हा उलट झालं. आणि आता मी संशोधक म्हणून सही करून बसलो होतो.

बायको भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. लग्न झालं तेव्हाही, आणि निवृत्त झाली तेव्हाही. घरी आली की सहसा वॉर्डातलं काही सांगायची नाही, फक्त ज्या दिवशी लहान मुलाचं ड्रेसिंग बदललेलं असेल त्या दिवशी रेडिओ लावू द्यायची नाही. पट्टी काढताना जखमेवर आलेली नवी कातडी पट्टीबरोबर निघते. मग पुन्हा पहिल्यापासून. हे तिला पटायचं नाही, म्हणजे अगदी भांडण असल्यासारखं पटायचं नाही. निवृत्तीच्या आधीची सहा-सात वर्षं आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळ एक दोरी बांधलेली असायची आणि तिच्यावर चिमट्यांनी जाळीच्या कापडाचे तुकडे टांगलेले असायचे. समुद्री शेवाळाची पूड पाण्यात घोटायची, त्यात ग्लिसरीन, त्या लगद्यात कापड बुडवायचं, काढून टांगायचं, आणि मग कॅल्शियमच्या पाण्यात बुडवायचं. एवढंच. ऐकायला काहीच नाही. पण दोन बुडवण्यांच्या मध्ये थांबायचं असतं. लवकर बुडवलं तर लगदा पाण्यात निघून जातो आणि हातात नुसतं कापड राहतं. उशीर झाला तर वर साय धरते आणि पट्टी जखमेला घट्ट बसते, बाजारातल्या पट्टीपेक्षाही वाईट. मधली एक वेळ आहे. त्या वेळी बुडवलं तर पट्टी जखमेवरून ओल्या पानासारखी उचलली जाते. ती वेळ तिला कळायची. भांडी घासता घासता ती मान वर करायची, म्हणायची, “झालं,” आणि हात तसाच ओला घेऊन उठायची. मी टेबलाशी पेपर वाचत असायचो. तेव्हा एकदा तरी मी विचारायला हवं होतं की काय झालं, कशावरून झालं. मी विचारलं नाही. पेपरात काय होतं तेही आता आठवत नाही.

“काका, किती लवकर आलात!” वकील समोर उभा होता. पेटंटचीच कामं करणारा हा चाळिशीतला माणूस, तोंडात कायम पेपरमिंट. मेव्हणीने त्याला रुंदराव नाव ठेवलंय, कारण पहिल्या भेटीत तो वीस वेळा तरी म्हणाला होता की मागणी रुंद ठेवायची, काका, म्हणजे जास्तीत जास्त त्यात बसतं, जितकी रुंद तितकी चांगली. तो माझ्या शेजारी बसला. “प्रतिज्ञापत्र आणलंय ना? द्या इकडे.”

“आहे पिशवीत.”

“असू दे. आत मी हात पुढे केला की द्या. आणि तुम्ही बोलायचं नाही. त्या परीक्षक बाई काही विचारतील, गोड बोलतात, तुम्ही माझ्याकडे बघायचं. तोंडाला कुलूप.”

मी मान हलवली. तोंडाला कुलूप हे मला शिकवायची गरज नव्हती. आमच्या कचेरीत नवीन माणूस आला की त्याला पहिली गोष्ट हीच सांगायचे: विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. एखाद्याने पत्र पाठवलं की आमच्या नळाला पाणी का नाही, तर आपण कळवायचं की आपले पत्र मिळाले. जास्त सांगितलं की जास्त पत्रं येतात. मी ते इतकं शिकलो की घरीसुद्धा तसाच झालो. ती विचारायची, “बरं वाटतंय का?” मी म्हणायचो, “हो.” आणि अडीच वर्षांपूर्वी, अर्ज करायचा ठरला तेव्हा, मी जे केलं तेही त्याच सवयीने केलं, असं मी म्हणतो. पण नुसत्या सवयीनेच केलं का, हे मला नक्की सांगता येत नाही.

अर्जासाठी तिने एक पान लिहिलं होतं. बाकी मजकूर वकिलाने विचारून विचारून तयार केला, हे पान मात्र तिने स्वतः, निळ्या शाईने, दोन्ही बाजूंनी लिहिलं. मधल्या वेळेचं पान. दमट दिवशी किती थांबायचं, कोरड्या दिवशी किती, आणि मिनिटांवर न जाता कसं ओळखायचं. “हे वकिलाला द्या,” ती म्हणाली, “आणि सांगा, यातला एक शब्द गाळायचा नाही. वॉर्डातल्या नव्या पोरींना यावरून जमलं पाहिजे, मी तिथे नसताना.” तिची दुपारपाळी होती, म्हणून मी एकटाच गेलो. त्याच्या आदल्या आठवड्यात पट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. बूट काढून बसला, चार बिस्किटं खाल्ली, आणि दोरीकडे बघत बघत फार चौकशी करून गेला. बसमध्ये मी ते पान वाचलं आणि मला तो माणूस आठवला. हे सगळंच सांगितलं तर आपल्याकडे राहिलं काय? वकिलाच्या जिन्यावर मी पानाचे चार तुकडे केले आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकले. वर जाऊन सांगितलं, “तिथे लिहा, योग्य काळाने.” वकील म्हणाला, “वा काका, हे छान, रुंद आहे.” अर्ज तयार होऊन आला तेव्हा ती पाळीवरून दमून आली होती. जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे तिने सही केली. “पान घातलं ना?” तिने विचारलं. मी म्हणालो, “हो.”

परीक्षकांचं पत्र ती गेल्यावर सातव्या आठवड्यात आलं. अर्जात ‘योग्य काळाने’ असे म्हटले आहे, हा काळ किती व तो कसा ओळखावा हे जाणकार व्यक्तीस अर्जावरून समजत नाही, सबब अर्ज नामंजूर का करू नये. मी ते वाचलं आणि मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, विचारतायत, तर आता सांगू. धावतपळत वकिलाकडे गेलो. त्याला पानाचं सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. “काका, काका! दाखल केल्या दिवशी कागदात जे होतं तेवढंच. नंतर एक ओळ घालता येत नाही. घातली की तो नवा अर्ज, नवी तारीख. आणि आपला जुना अर्ज छापून जगजाहीर झालाय, तोच आपल्या आडवा येणार.” मग त्याने मला जाणकाराबद्दल सांगितलं. कायद्यात असा एक माणूस असतो. त्या कामातला साधारण जाणकार. फार हुशार नाही, ढ नाही. त्याच्या हातात अर्ज दिला की फार धडपड न करता त्याने वस्तू करून दाखवली पाहिजे. जमली तर अर्ज पुरा, नाही जमली तर अपुरा. “असा कोण असतो?” मी विचारलं. “कुणीच नसतो हो,” वकील म्हणाला, “पण असतोच.”

त्या दिवसापासून तो माणूस आमच्या घरी यायला लागला. म्हणजे तसं काही नाही, मी वेडा झालेलो नाही. पण स्वयंपाकघरात गेलो की मला वाटायचं, टेबलाशी माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय, हातात अर्ज, बोट ओळीवर. शांत माणूस. त्याला घर नाही, बायको नाही, तो लिहिलेलं सगळं करू शकतो आणि न लिहिलेलं काहीच करू शकत नाही. किती वेळ थांबू, तो विचारतो. मी त्याला सांगू बघतो आणि तिथेच सगळं बिघडतं. कारण पान मी एकदाच वाचलं, तेही हलत्या बसमध्ये, तेही भीतीने. मला शाई आठवते, तिचा पुढे झुकलेला ‘र’ आठवतो. तुकडा खिडकीकडे तिरका धरून त्याच्यावरची चकाकी बघायची, हे आठवतं. मध्ये एक चौकोन काढला होता आणि त्याच्या एका भागात बारीक तिरक्या रेघा मारल्या होत्या. रेघा मारलेला भाग म्हणजे चकाकी असलेला की चकाकी गेलेला? कडेची चकाकी गेली आणि मधली राहिली की बुडवायचं, की मधली गेली आणि कडेची राहिली की? विचार केला तर कडा आधी वाळतात, म्हणजे कडेची आधी जाणार. पण टांगलेल्या कापडाचं पाणी खालच्या कडेला उतरतं, म्हणजे ती कड शेवटपर्यंत ओली. मग रेघा खालच्या बाजूला होत्या का? होत्या असं वाटतं. असं वाटतं तेव्हाच, मी आता विचार केला म्हणून तसं वाटतंय, असंही वाटतं.

मेव्हणी आली ती दारातूनच बोलत आली. बायकोपेक्षा पाच वर्षांनी धाकटी, तीही नर्स, अजून नोकरीत. “मी करते, भाऊजी. ताईचं नाव लागलं पाहिजे त्या कागदावर, कसंही. मी त्यांच्यातली जाणकारच ना?” पहिल्या दिवशी तिने फक्त अर्ज वाचून तीन तुकडे केले. एक पाण्यात विरघळला. दुसरा तिने स्वतःच्या हातावर लावला, वाळू दिला आणि ओढला, आणि अशी ओरडली की शेजारी दार उघडून बघायला लागले. “ही पट्टी आहे का शिक्षा? केस गेले माझे सगळे! कुणी लिहिलंय हे योग्य काळाने? ताई असं लिहिणारच नाही. ताई तर चहात साखर किती, तेसुद्धा चमच्याचा दांडा दाखवून सांगायची.” सातव्या तुकड्यापर्यंत गप्प बसलो. मग म्हणालो, “कडेची चकाकी गेली की बुडवून बघ.” तिने हातातलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला कसं माहीत?” मी म्हणालो, “ती म्हणायची.” आठवा तुकडा झाला. खरोखरच झाला, हातावरून अलगद आला. मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं. नववा पुन्हा चिकटला, तशाच चकाकीला काढून. दहावाही. वकिलाला फोन केला तर तो म्हणाला, “आठवा झाला ना? मग झालं.” आणि त्याने प्रतिज्ञापत्र लिहून पाठवलं: केवळ अर्जातील मजकूर वाचून मी सदर पट्टी तयार केली. मेव्हणीने सही केली आणि कागद माझ्यापुढे टाकला. “मी केली सही. आता द्यायचं तर द्या. पण एक सांगा, मला जे सात वेळा जमलं नाही ते या कागदात होतं की तुमच्या पोटात?”

मी तिला अर्धंच सांगितलं, पान फाडल्याचं. उरलेलं मी कुणाला सांगितलेलं नाही. शेवटच्या महिन्यात बायको उठायची नाही आणि तिच्या पाठीला जखम झाली. तिने केलेल्या पट्ट्या फ्रिजमध्ये होत्या त्या एकेक करून संपल्या. डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती दुखतंय, आणि मी खोलीत असलो की ती म्हणायची, चार. ती गेल्यावर मेव्हणीने मला तक्ता दाखवला, मी नसताना तिने नऊ सांगितलेलं होतं. पट्ट्या संपल्या तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुम्हीच करा ना. अर्जातलं माझं पान काढा, त्यात सगळं आहे.” ती तीन हातांवर होती. शुद्धीत होती. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की पान सापडत नाही, तोंडी सांग. ते म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, वकिलाकडे आहे ना? मी स्वयंपाकघरात गेलो, सगळं घोटलं, कापड बुडवलं, टांगलं, त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि योग्य काळाने काढलं. संध्याकाळी तिच्या पाठीची पट्टी मीच बदलली. ती चिकटली होती. मी ओढत होतो आणि ती उशीत तोंड घालून गप्प होती, आणि झाल्यावर म्हणाली, “छान झाली हो. जमलं तुम्हाला.” मला अजून कळत नाही, तिला तेव्हा कळलं होतं का. कळलं असेल तर ती तसं का म्हणाली, आणि कळलं नसेल तर ती इतकी वर्षं नर्स कशी होती. मी हे रोज दोन्ही बाजूंनी लावून बघतो. कुठलीही बाजू लावली तरी पुढची जुळत नाही.

आमचं नाव पुकारलं. खोली लहान होती, टेबलावर फाइल, संगणक आणि सुकत चाललेल्या रोपाची कुंडी. परीक्षक बाई पन्नाशीच्या असाव्यात, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांनी फाइल उघडली, माझ्याकडे बघितलं. “रजिस्टरात तुमची संशोधक म्हणून सही आहे. अर्जात तर बाईंचं नाव आहे.”

“ती माझी पत्नी. ती वारली. मी सही चुकून केली.”

“करून टाकू दुरुस्त,” त्या म्हणाल्या, इतक्या सहज की मला भरून आलं. वकील सुरू झाला. बोलला चांगलं. जाणकार माणूस नेहमीच्या थोड्याफार प्रयोगांनी योग्य काळ शोधून काढेल, तेवढं तर कायदा त्याच्याकडून धरतोच, वगैरे. बाई ऐकत होत्या आणि पेन्सिलीने कोऱ्या कागदावर एक चौकोन काढत होत्या. मी त्या चौकोनाकडे बघत होतो. “थोडेफार म्हणजे किती?” त्यांनी विचारलं. वकील म्हणाला, “तेच दाखवणारं प्रतिज्ञापत्र आमच्याकडे आहे, मॅडम,” आणि त्याने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

तो हात तिथे राहिला. पिशवीचा बंद माझ्या मुठीत होता. मी द्यायला निघालो होतो, हे मला खरं सांगायला हवं. ताईचं नाव लागलं पाहिजे, कसंही, हे मेव्हणीचं वाक्य माझ्या कानात होतं, आणि नाव लागलं असतं. छापून आलं असतं, शिक्का बसला असता, मी काचेच्या चौकटीत घालून लावलं असतं. आणि मग कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी मुलगी तो कागद समोर ठेवून, नाव वाचून, विश्वासाने योग्य काळ थांबली असती, आणि कुणाच्यातरी पाठीवरून पट्टी ओढली असती.

“काका,” वकील हळूच म्हणाला.

“ते खरं नाही,” मी म्हणालो. “आठव्या वेळेला झाली, तीही मी सांगितल्यावर. आणि नवव्या वेळेला नाही झाली.”

वकिलाने हात मागे घेतला आणि पेपरमिंट कडकन चावलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तुम्ही काय सांगितलंत तिला?”

मी सगळं सांगितलं. पान, बस, जिना, टोपली. तिच्या पाठीचं नाही सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी न अडखळता बोलतोय आणि कुणी मला थांबवत नाही.

“हे मला धरता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कळतंय ना? अर्जात नाही म्हणजे नाही. आज तुम्ही कितीही अचूक सांगितलंत तरी निकाल तोच.”

“कळतंय.”

“म्हणजे नामंजूर होईल.”

“हो.” मग मी विचारलं, “मी आत्ता जे बोललो ते कुठे राहतं का?”

“सुनावणीचं टिपण करतो आम्ही. ते फाइलला लागतं. फाइल कुणालाही मागून बघता येते. कोण बघतं म्हणा.”

“त्यात लिहाल?”

वकील उठायच्या बेतात होता, तो पुन्हा बसला. म्हणाला, “काका, अहो, हे फुकट वाटून टाकताय तुम्ही.” पण जोर नव्हता त्याच्या आवाजात. बाईंनी संगणकाचा पडदा स्वतःकडे फिरवला. “कुठली चकाकी गेल्यावर? कडेची की मधली?”

“नक्की माहीत नाही मला.”

“मग काय लिहू?”

“दोन्ही लिहा,” मी म्हणालो. “आणि हेही लिहा की ज्याने पान फाडलं त्यालाच नक्की माहीत नाही.”

त्यांनी चौकोनाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, “असं तुकड्यातुकड्यांनी नको. त्या कसं करायच्या ते पहिल्यापासून सांगा. जे डोळ्यासमोर येईल ते.”

पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे मला कळेना. पुडीपासून, की पाणी मोजण्यापासून? मी डोळे मिटले. स्वयंपाकघर आलं, खिडकी आली, दोरी आली. ती आत्ताच पाळीवरून आली होती, केस वर बांधलेले, माझ्याकडे पाठ करून मोरीशी उभी. तिची कोपरं हलत होती. हे मी हजार वेळा बघितलं होतं आणि ते पट्टीतलं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

“आधी हात धुवायचे,” मी म्हणालो. “कोमट पाण्याने, कोपरापर्यंत. आणि पुसायचे नाहीत.”

“पुसायचे नाहीत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहिलं.